प्रोफेसर केळफा आणि वाटाण्याचं झाड

मागच्या महिन्यात टीम आउटिंगसाठी कर्जतजवळच्या एका फार्महाउसवर गेलो होतो. (आयटीतल्या माणसाच्या नशिबात कर्जतचं फार्महाउस लिहिलेलंच असतं. मी मूळचा खोपोलीचा, त्यामुळे मला तर हे परसदारी सहलीला गेल्यासारखं वाटतं. असो.) रात्री जेवणं झाल्यावर आमच्या मॅनेजरने खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि बघता बघता गायब केलं. मग पत्त्यांचे दोन-तीन खेळ केले. पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस, दोन मुलं, घराचे हप्ते, आणि वर्षभरापासून हा गडी चक्क जादू शिकतोय! हात अजून बसलेला नाही, एका खेळात नाणं बाहीतून डोकावलंच. टाळ्या पडल्या, पण मागच्या रांगेत कुजबुजही झाली. "मिडलाइफ क्रायसिस, दुसरं काय." "या वयात कसली जादू?"

हे 'या वयात' माझ्या डोक्यातून जाईना. कारण 'या वयात' जादू करणारा एक माणूस आमच्याच घाटाच्या वरच्या टोकाला, लोणावळ्यात, काही वर्षं राहून गेलाय. नाव धुंडिराज गोविंद फाळके. हो, तेच, दादासाहेब. सिनेमाचे जनक वगैरे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याआधी ते जादूचे प्रयोग करायचे हे पटकन कुणाला आठवत नाही. आडनाव उलटं केलं, फाळकेचं झालं केळफा, पुढे लावलं 'प्रोफेसर', आणि झाला जादूगार तयार. २००९ च्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ची सुरुवातच या जादूच्या खेळाने होते. आपण ती गंमत म्हणून बघतो आणि पुढे सरकतो. मला वाटतं, सगळी गोष्ट तिथेच आहे.

जरा मागे जाऊया. फाळक्यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. मुलगा १८८५ मध्ये जे. जे. मध्ये चित्रकला शिकला, मग बडोद्याच्या कलाभवनात. गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा मांडला. तिथे १९०० च्या प्लेगात बायको आणि मूल दोन्ही गेले. आज आपण तिशीत 'सेटल व्हायचंय' म्हणतो, तेव्हाचा तिशीतला विधुर म्हणजे निम्मं आयुष्य संपलेला पोक्त गृहस्थ. अशा माणसाने १९०१ च्या सुमारास एका जर्मन जादूगाराला गाठलं आणि त्याच्याकडून हातचलाखी शिकून घेतली. काही जण या जादूगाराचं नाव कार्ल हर्ट्झ सांगतात. हर्ट्झ खरं तर सॅन फ्रान्सिस्कोचा, म्हणजे अमेरिकन. पण त्याची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी: १८९६ पासूनच तो आपल्या जादूच्या खेळात हलती चित्रं दाखवत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया फिरत होता. तिकडे पॅरिसमध्ये जॉर्ज मेलिएस हा थिएटर चालवणारा जादूगारच सिनेमे काढत होता. सिनेमा ही नवी कला आहे हे नंतर ठरलं, तेव्हा तो जादूगाराच्या पेटाऱ्यातला आणखी एक खेळ होता.

आता या 'प्रोफेसर'ची भानगड. आपल्याकडे जादू करणारे म्हणजे गारुडी, मदारी. विद्या बापाकडून मुलाकडे, रस्त्यावर बसून, पाच-सहा वर्षांचा असल्यापासून. शिकल्यासवरल्या घरातल्या माणसाने मोठेपणी हौस म्हणून जादू शिकायची ही कल्पनाच नवी होती. त्यासाठी परका गुरू लागला आणि लोकांनी हसू नये म्हणून नावापुढे प्रोफेसर लागलं. (सर्कसवाले विष्णुपंत छत्रेही प्रोफेसर छत्रेच. त्या काळी तंबूत आणि रंगमंचावर जेवढे प्रोफेसर होते तेवढे कॉलेजात नसावेत.) शास्त्र्यांचा मुलगा मदाऱ्याचं काम करतोय, हे केळफा नावाच्या पडद्याआड झाकायलाही बरं.

फाळके लोणावळ्याला आले ते छपाईच्या कामासाठी. मळवलीला राजा रविवर्म्यांचा छापखाना होता. फाळक्यांनी पुरातत्त्व खात्यातली ड्राफ्ट्समनची नोकरी सोडली आणि या छापखान्याचं काम करत स्वतःचं एन्ग्रेव्हिंगचं दुकान थाटलं, जे पुढे दादरला गेलं. घाटातली रेल्वे १८६३ पासून सुरू होती. मुंबईहून वर जाणाऱ्या प्रत्येक गाडीला कर्जतला थांबून जादा इंजिनं लावून घ्यावी लागत. म्हणजे हा माणूस मशीनचे सुटे भाग, शाई, कागद घेऊन ये-जा करताना आमच्या कर्जतच्या फलाटावर कितीदा ताटकळला असेल! मला उगाच वाटतं की समोरच्या बाकावरच्या कंटाळलेल्या पोराच्या कानामागून त्याने एखादं नाणं काढलंच असणार. याला पुरावा काही नाही, ब्लॉग माझा आहे म्हणून लिहितोय.

मग भागीदाराशी बिनसलं, छापखाना सुटला. १९११ च्या आसपास गिरगावात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा बघितला आणि डोक्यात आलं की पडद्यावर आपले राम-कृष्ण का नकोत. वय एक्केचाळीस. नोकरी नाही, धंदा नाही, घरात मुलं. रात्रंदिवस सिनेमे बघून आणि झोपमोड करून डोळे गेले, काही काळ दिसेनासंच झालं. उपचारांनी दृष्टी परत आली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. आता मोठ्या चित्रपटाला पैसे हवेत, आणि पैसेवाल्याला काहीतरी करून दाखवल्याशिवाय तो खिशात हात घालत नाही. (आपल्याकडे याला डेमो म्हणतात.)

फाळक्यांनी काय दाखवलं? कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा रोखून ठेवला. रोज थोडी थोडी चित्रं घेत राहिले, महिनाभर. पडद्यावर मिनिटभरात मातीतून कोंब आला, पानं फुटली, वेल चढला.

हे वाचताना मी थबकलो, कारण हा खेळ आपल्या ओळखीचा आहे! हिंदुस्थानातला सगळ्यात गाजलेला जादूचा खेळ, ज्याबद्दल गोऱ्या प्रवाशांनी पानंच्या पानं लिहिली, तो म्हणजे आंब्याचं झाड. मदारी मातीत कोय पुरतो, वर फडकं टाकतो, डमरू वाजवतो, फडकं काढतो तर कोंब. पुन्हा झाकतो, आता वीतभर रोप. पुन्हा झाकतो, पानांनी डवरलेली फांदी. युक्ती सोपी आहे. लहान-मोठ्या उंचीची रोपं आधीच लपवलेली असतात आणि फडक्याआड अदलाबदल होते. लोकांना दिसतात फक्त फडकं काढल्यावरचे क्षण, मधलं काही दिसत नाही.

फाळक्यांनी नेमकं हेच केलं, फक्त फडक्याच्या जागी कॅमेऱ्याची झडप आली. सेकंदाला सोळा चित्रं धरली तर मिनिटाला ९६०, म्हणजे दिवसाला तीसेक. दोन चित्रांमधला सगळा वेळ त्यांनी गायब केला. आणि रोप मात्र खरं, एकच. फोटोग्राफर तेव्हा मुंबईत पुष्कळ होते, कॅमेरा विकत घेऊ शकणारे शेठही होते. पण 'मधलं लपवलं की उरलेलं जादू दिसतं' हे ज्याच्या बोटांना ठाऊक आहे असा फोटोग्राफर हा एकच असावा. पैसे मिळाले. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

विशीत जादू शिकला असता तर फाळके कदाचित नुसते जादूगार झाले असते. आपल्या रघुवीरांचं बघा (१९२४–१९८४). त्यांनी लहान वयात जादू धरली, आयुष्यभर तीच केली, देशोदेशी प्रयोग केले, आणि पुढे मुलगा-नातूही त्यातच. तो रस्ता मोठाच आहे. पण उशिरा शिकणाऱ्याकडे आधीचं सामान असतं. फाळक्यांकडे रसायनं होती, छपाई होती, रंगकाम होतं. जादू त्या सगळ्यात जाऊन मिसळली. १९१८ च्या 'श्रीकृष्ण जन्म'मध्ये कंसाचं मुंडकं धडापासून सुटून हवेत जातं, ते हर्ट्झच्या रंगमंचावरही खपलं असतं. आणि १९१६ मध्ये, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, पाच-सहा चित्रपट नावावर असताना, या माणसाने स्वतःच कॅमेऱ्यासमोर उभं राहून 'प्रोफेसर केळफाची जादू' हा छोटा चित्रपट काढला. धंद्याची गरज म्हणून कोणी असं करत नाही.

आता हौसेचं बिल कोणी भरलं तेही बोलूया, कारण आमच्या ऑफिसातल्या 'पॅशन फॉलो करा'वाल्यांना हा भाग आवडत नाही. ते सरस्वतीबाईंनी भरलं. १९०२ ला लग्न होऊन आलेली बाई. रात्री कच्च्या फिल्मला भोकं पाडायची, फिल्म धुवायची, उन्हात पांढरी चादर धरून उभी राहायची आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही करायची. दागिने गेले ते वेगळंच. प्रोफेसर केळफा पोस्टरवर आले, हिचं नाव पडद्यावर कुठेच नाही.

आणि दरवेळी वाटाणा उगवतोच असंही नाही. आमच्याच खालापूर तालुक्यात, चौकजवळ, नितीन देसाईंनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभारला. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'चं कलादिग्दर्शनही त्यांचंच. २ ऑगस्ट २०२३ ला त्याच स्टुडिओत त्यांचा शेवट झाला, डोक्यावर प्रचंड कर्ज होतं. त्या रस्त्याने जाताना ते कमानीचं प्रवेशद्वार दिसलं की अजूनही बोलणं थांबतं.

मोठेपणी जादू शिकणाऱ्यांची एक जमात मात्र फाळक्यांनंतर महाराष्ट्रात खरोखर वाढली, आणि तिच्याकडे आपण जादूगार म्हणून बघतच नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते! शाळामास्तर, बँकेतले कारकून, निवृत्त मंडळी. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः डॉक्टर, कबड्डीपटू. १९८९ ला महाराष्ट्र अंनिस निघाली तेव्हा चव्वेचाळिशीत होते. हे लोक जिभेवर जळता कापूर ठेवतात, 'मंत्राने' आग पेटवतात (पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीनचे थेंब, थोडं थांबायचं, भडका), आणि मग लगेच युक्ती सांगून टाकतात. कर्जत-खालापूरच्या वाड्या-पाड्यांवर जिथे तापाला अजूनही आधी भगताकडे नेतात, तिथे 'जादू' या शब्दाला मनोरंजनाचा वास नसतो, भीतीचा असतो. तिथे पन्नाशीचा मास्तर हात भाजून घेत ही चलाखी शिकतो, ते काही क्रायसिस म्हणून नाही. दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला, त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला.

फाळक्यांचं पुढे काय झालं? १९१८ ला नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी, भागीदारांशी पुन्हा खटके, मध्येच सगळं सोडून काशीला जाणं, नाटक लिहिणं, परत येणं. बोलपट आला आणि त्यांचा काळ सरला. तरी १९३७ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, कोल्हापुरात त्यांनी 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट केला, आणि आकाशातून गंगा उतरवायची म्हणजे पुन्हा ट्रिकसीनच. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकात गेले, तेव्हा हातात पैसा नव्हता.