कोल्हापुरात घडलेला कॅमेरा

मराठी चित्रपटाच्या आरंभकाळाचा विचार बहुधा कथा, नट आणि पौराणिक प्रसंग यांच्या अंगाने होतो. परंतु पडद्यावर चित्र हलण्यापूर्वी ते हलवणारे यंत्र हाती असावे लागते आणि ते मिळवण्याचे दोन निरनिराळे मार्ग महाराष्ट्रात अवघ्या सहा वर्षांच्या अंतराने चोखाळले गेले. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणला. त्या काळी कच्ची फिल्म बिनछिद्रांची येत असे, त्यामुळे तिच्या कडांना छिद्रे पाडण्याचे यंत्रही त्यांना आणावे लागले, आणि ते काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून करीत. कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मिस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, यांनी मात्र कॅमेराच स्वतः घडवण्याचे ठरवले.

या निर्णयाचे मोल कळण्यासाठी कॅमेऱ्याच्या पोटात काय चालते हे पाहणे आवश्यक आहे. फिल्म सलग सरकत राहिली तर प्रतिमा फरकटते. म्हणून प्रत्येक चौकट भिंगामागे क्षणभर पूर्ण थांबली पाहिजे, तेवढ्यात प्रकाश आत आला पाहिजे, आणि फिल्म पुढे ओढली जात असताना शटर नावाच्या फिरत्या चकतीने प्रकाश अडवला पाहिजे. ही थांबती-चालती गती एक आकडा साधतो, जो कडेच्या छिद्रांत शिरून फिल्म नेमकी एका चौकटीएवढी, म्हणजे चार छिद्रांएवढी, खाली खेचतो आणि बाहेर निघतो. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंना ही युक्ती शिवणयंत्रावरून सुचली होती. मूकपटाच्या काळात हे सारे सेकंदाला साधारण सोळा वेळा घडे आणि त्यासाठी हाताने मूठ सेकंदाला दोन वेढे फिरवावी लागे. आकड्याच्या चालीत एक दशांश मिलिमीटरचा फरक राहिला, तरी पंधरा फुटी पडद्यावर तो सुमारे पाऊण इंचाचा होतो आणि चित्र थरथरू लागते.

बाबूराव आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव हे दोघेही मूळचे चित्रकार. नाटकांचे पडदे रंगवण्यात त्यांचा हातखंडा होता. विलायती कॅमेरा विकत घेण्याइतके भांडवल नसल्याने त्यांनी स्वतःच्या प्रयोगांवर भिस्त ठेवली. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले आणि काम अर्ध्यावर राहिले. बाबूरावांनी ते सोडले नाही. शिष्य विष्णुपंत गोविंद दामले यांना हाताशी धरून त्यांनी १९१८ साली कॅमेरा पूर्ण केला. दातेरी चाके, दट्ट्या आणि आकडा यांचा मेळ यंत्रशास्त्राची शाळा न पाहिलेल्या माणसांनी जमवावा, ही कामगिरी एखाद्या उत्तम चित्रपटाच्या बरोबरीने मोजली गेली पाहिजे.

बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट या कॅमेऱ्याने टिपला गेला आणि १९२० साली पुण्यात दाखवला गेला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. पुढे ‘सिंहगड’ या १९२३ च्या चित्रपटात त्यांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला, जेव्हा बहुतेक चित्रीकरण सूर्यप्रकाशावरच अवलंबून असे.

कॅमेरा घडवण्याच्या या खटपटीचे खरे फळ मात्र माणसांत दिसते. दामले आणि त्यांचे सहकारी फत्तेलाल यांनी व्ही. शांताराम, केशवराव धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. बोलपट आल्यावर, १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ साठी, ध्वनिमुद्रणाची अवघड जबाबदारी दामले यांनीच उचलली. यंत्र उघडून पाहण्याची आणि जमेपर्यंत घडवत राहण्याची जी सवय त्यांना बाबूरावांच्या हाताखाली लागली, तिच्याविना प्रभातचे तांत्रिक सामर्थ्य समजत नाही. म्हणून मराठी चित्रपटाच्या इतिहासात ‘सैरंध्री’च्या १९२० या सालाआधी कॅमेऱ्याचे १९१८ हे साल नोंदवले गेले पाहिजे.