अश्व-पुनःशिक्षण

उपासमार, अतिश्रम, आजार किंवा चुकीची हाताळणी यांमुळे निकामी ठरलेल्या घोड्यास त्या अवस्थेतून सोडवून, त्याची पारख करून व प्रकृती सुधारून, पुन्हा स्वारीचे शिक्षण देण्याच्या पद्धतीस अश्व-पुनःशिक्षण म्हणतात. प्रस्तुत नोंदीत ड्रेसाज या अश्वारोहण प्रकाराच्या अनुषंगाने या पद्धतीचा ऐतिहासिक परामर्श घेतला आहे. ‘ड्रेसाज’ ही मूळ फ्रेंच संज्ञा असून जनावरास शिकविणे, वळण लावणे असा तिचा अर्थ होतो. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकपासून या प्रकारास जागतिक स्पर्धेचे स्थान मिळाले. तथापि मुळात ती घोड्याचे शरीर व मन क्रमाक्रमाने घडविणारी व्यायामपद्धती आहे. सोडविलेल्या घोड्याच्या बाबतीत तिचे हे मूळ रूपच अधिक महत्त्वाचे ठरते [⟶ घोडा].

इतिहास : घोड्याचे बळ नियोजनपूर्वक वाढविण्याचा सर्वांत जुना उपलब्ध लेख मितानी राज्यातील किक्कुली या अश्वशिक्षकाचा असून तो हिटाइटांच्या हट्टुशा या राजधानीत मातीच्या विटांवर कोरलेला सापडला. रथाच्या घोड्यांचा चारा, पाणी, दौड व विश्रांती यांचा दिवसवार क्रम त्यात दिला आहे. फेऱ्यांच्या संख्येसाठी त्यात आलेले ‘ऐकवर्तन’, ‘पंझवर्तन’ यांसारखे शब्द संस्कृतशी जवळचे नाते दाखवितात.

ग्रीक सेनानी व लेखक झेनोफन (इ. स. पू. सु. ४३०–सु. ३५४) याने अश्वारोहणावरील आपल्या ग्रंथात घोड्याची परीक्षा खुरापासून सुरू करण्यास सांगितले आहे, कारण पाया कच्चा असल्यास वरचे बांधकाम व्यर्थ होय. पूर्वी स्वारी झालेला घोडा विकत घेताना तो तोंडात लगाम सहजपणे घेतो की नाही, स्वारास पाठीवर बसू देतो की नाही, हे पाहण्याचीही सूचना त्याने केली आहे. बळजबरीने करून घेतलेली हालचाल घोड्यास कळत नाही व ती सुंदरही दिसत नाही, हे त्याचे मत पुढील अभिजात परंपरेचे सूत्र ठरले.

प्रबोधनकाळात नेपल्सच्या फेदेरीको ग्रिझोने याच्या १५५० मधील ग्रंथाने अश्वविद्या यूरोपभर पोहोचविली; परंतु हट्टी घोड्यासाठी त्यात सांगितलेले उपाय अत्यंत कठोर होते. याउलट फ्रान्समधील फ्रांस्वा रोबिशों द ला गेरिन्येर (१६८८–१७५१) याने घोड्याच्या प्रतिकाराचे मूळ त्याच्या दुष्टपणात न शोधता शारीरिक उणीव व स्वाराचे अज्ञान यांत शोधले. घोड्याचा खांदा किंचित आत वळवून त्यास चालविण्याचा त्याचा व्यायाम आखडलेले अंग मोकळे करण्यासाठी आजही वापरला जातो. व्हिएन्नाच्या स्पॅनिश अश्वारोहण विद्यालयाने हीच परंपरा जतन केली.

विसाव्या शतकातील दोन प्रसंग या विषयाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याने ईजिप्तमध्ये विकून टाकलेले घोडे कैरोत ओझी ओढताना डोरोथी ब्रुक यांना १९३० मध्ये आढळले. १९३१ मध्ये त्यांनी मॉर्निंग पोस्ट या वृत्तपत्रातून केलेल्या आवाहनास प्रतिसाद मिळाला आणि तीन वर्षांत सु. ५,००० घोडे विकत घेण्यात आले. मात्र त्यांतील बहुसंख्य इतके जर्जर होते, की त्यांना वेदनारहित मृत्यू देणे हाच दयेचा एकमेव मार्ग उरला. १९३४ मध्ये तेथे घोड्यांचे रुग्णालय स्थापन झाले. सुटका व पुनर्वसन या भिन्न गोष्टी असून त्यांच्यामध्ये निष्ठुर वाटणारी पण प्रामाणिक पारख असते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

दुसरा प्रसंग लिपिझानर घोड्यांचा. स्पॅनिश अश्वारोहण विद्यालयाचे प्रमुख आलोईस पोधायस्की (१८९८–१९७३) यांनी शर्यतीत अपयशी ठरलेल्या नेरो या थरोब्रेड घोड्यास धीराने घडवून १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक कांस्यपदक मिळविले होते. १९४५ मध्ये त्यांनी विद्यालयातील वळू घोडे व्हिएन्नातून वरच्या ऑस्ट्रियात हलविले. चेकोस्लोव्हाकियातील होस्टाऊ येथे ठेवलेल्या घोड्या त्याच वर्षीच्या एप्रिलअखेर अमेरिकी घोडदळाच्या तुकडीने ताब्यात घेतल्या. सुटका अशा रीतीने काही आठवड्यांत झाली. परंतु टंचाईच्या काळात वेल्स येथे विद्यालयाचे काम चालवून व्हिएन्नाला परतण्यास १९५५ साल उजाडले.

पारख व आहार : शरीरस्थितीचे मोजमाप करण्यासाठी अमेरिकेतील टेक्सस ए अँड एम विद्यापीठात डॉन हेनेकी व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये १ ते ९ अंकांची श्रेणी मांडली. मान, खांदा, बरगड्या, कंबर, शेपटीचे बूड इ. भाग चाचपून अंक दिला जातो; १ म्हणजे अस्थिपंजर, तर ९ म्हणजे अतिस्थूल. यानंतर दात, खूर, डोळे व पाठ तपासतात आणि कठीण सपाट जमिनीवर घोड्यास सरळ व वर्तुळात चालवून लंगडेपणा पाहतात. खोगीर चढविताना कान मागे पाडणे, तोंडाशी हात नेताच मान झटकणे यांस पूर्वी खोड समजत. अनेकदा ते दुखण्याचे लक्षण असते.

उपाशी घोड्यास एकदम भरपूर दाणा देणे प्राणघातक ठरू शकते. पिष्टमय खाद्यामुळे इन्शुलीन वाढते व रक्तातील फॉस्फरस आणि मॅग्नेशियम यांचे प्रमाण झपाट्याने घटून हृदय व श्वसनक्रिया बंद पडू शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधनानुसार लसूणघासाचा वाळलेला चारा थोडा थोडा, अनेक वेळा देणे हितकारक असते. अत्यंत खंगलेल्या घोड्याचे वजन सामान्य पातळीवर येण्यास साधारणतः अनेक महिने लागतात.

शिक्षणक्रम : वजन वाढणे म्हणजे बळ येणे नव्हे. चरबी प्रथम येते, स्नायू व्यायामाने येतात आणि कंडरा व हाडे त्याहूनही सावकाश बळकट होतात. त्यामुळे गुबगुबीत दिसणारा घोडा कामास सिद्ध झाला असे मानून त्यावर स्वारी करणे, ही सर्वांत घातक चूक होय. आरंभी हाताने धरून चालविणे, मग लांब दोरीवर मोठ्या वर्तुळात फिरविणे आणि मान सैल, खाली व पुढे सोडून पाठीचे स्नायू जागे करणे, असा क्रम ठेवतात. स्वारीचा काळ मिनिटामिनिटांनी वाढवितात. पाठ भरत जाईल तसे खोगीर पुनःपुन्हा बसवून पाहावे लागते. जर्मन घोडदळाच्या परंपरेतून रूढ झालेल्या ताल, सैलपणा, लगामाशी संपर्क, चालना, सरळपणा व अंग एकवटणे या सहा पायऱ्यांपैकी पहिल्या दोन साधल्याखेरीज जाणता चाबूकस्वार पुढे जात नाही. मुंबई-पुण्याच्या शर्यतींतून निवृत्त होऊन स्वारीच्या क्लबांत येणाऱ्या थरोब्रेड घोड्यांनाही हाच क्रम लागू पडतो. वेगाची सवय मोडून त्यांना संथ ताल नव्याने शिकवावा लागतो.

मर्यादा : प्रत्येक घोडा उच्च ड्रेसाजपर्यंत पोहोचत नाही. सांध्यांचा जुना विकार, पाठीच्या मणक्यांतील दोष किंवा खोलवर रुजलेली भीती यांमुळे काहींना हलक्या स्वारीपुरतेच काम देता येते, तर काहींना केवळ कुरणात विश्रांती द्यावी लागते. हा निर्णय वेळीच घेणे हा पुनःशिक्षणाचाच भाग होय. स्पर्धेतील यशापेक्षा घोडा वेदनेविना, मोकळ्या पाठीने व स्वेच्छेने चालू लागणे, हीच या पद्धतीच्या साफल्याची खरी कसोटी मानली पाहिजे.