स्तनांचा कर्करोग कोणत्या स्त्रियांमध्ये जास्त आढळतो?

२०२२ मध्ये जगभरात स्तनांच्या कर्करोगाचे सुमारे २३ लाख नवे रुग्ण नोंदले गेले; भारतात अंदाजे १ लाख ९२ हजार. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. मात्र सगळ्या स्त्रियांना त्याचा धोका सारखा नसतो.

महाराष्ट्रातलंच उदाहरण पाहा. मुंबईत १९६३ पासून कर्करोगाच्या रुग्णांची नोंद ठेवली जाते, तर सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ पासून. बार्शीची नोंदणी ही ग्रामीण भारतातली पहिलीच. बार्शीच्या खेड्यांतलं प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी आढळतं. मुंबईतही पारशी स्त्रियांमध्ये ते इतर समाजांपेक्षा जास्त दिसून आलं आहे. उशिरा लग्न, कमी मुलं किंवा मूल नसणं ही त्यामागची महत्त्वाची कारणं मानली जातात.

मुलं होण्याशी असलेला हा संबंध जुनाच. इटालियन वैद्य रामाझिनी यांनी १७१३ मध्येच लिहून ठेवलं होतं की, हा आजार जोगिणींमध्ये, म्हणजे ख्रिस्ती मठांतल्या नन्समध्ये, जास्त दिसतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३० देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार प्रत्येक बाळंतपणामागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी, आणि अंगावर पाजलेल्या दर १२ महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी कमी होतो. पाळी लवकर सुरू होणं, उशिरा जाणं, पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन आणि मद्यपान यांनी तो वाढतो.

मग वंशाचं काय? अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपानी स्त्रियांच्या पुढच्या पिढ्यांमध्ये प्रमाण वाढत गेलं. रक्त तेच, राहणीमान बदललं. आनुवंशिक कारण साधारण ५ ते १० टक्के रुग्णांमध्येच असतं. अश्केनाझी ज्यू समाजात मात्र दर ४० जणांमागे एकात बीआरसीए जनुकातला दोष आढळतो.

‘भारतात हा आजार तरुण वयात होतो’ असा मजकूर सोशल मीडियावर सारखा फिरतो. इथल्या रुग्णांचं सरासरी वय पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी आहे, हे खरं. पण आपली लोकसंख्याच तरुण आहे, हे त्याचं एक मोठं कारण. वयाबरोबर धोका इथेही वाढतोच.

प्रमाण कमी म्हणजे मृत्यूही कमी, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार अतिविकसित देशांत १२ पैकी एका स्त्रीला आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो आणि ७१ पैकी एक त्यानं दगावते. कमी विकसित देशांत तो २७ पैकी एकीलाच होतो, पण ४८ पैकी एक दगावते. फरक पडतो तो उशिरा निदान आणि अपुरे उपचार यांमुळे. अमेरिकेतही कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये प्रमाण गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी असून मृत्युदर सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे.

महागड्या मॅमोग्राफीशिवायही काही करता येतं. टाटा मेमोरियलनं मुंबईत सुमारे दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षं केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधले या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मात्र असा फायदा दिसला नाही. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, त्यामुळे ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ हा हिशेब इथे चुकतो.

आणि हा आजार पुरुषांनाही होतो: दर १०० रुग्णांमागे जेमतेम एकाला.