लाइन प्लॉट म्हणजे काय आणि तो कसा वाचायचा? सोप्या मराठीत समजून घ्या

तुमचा लहान भाऊ किंवा बहीण मोबाईलवर खान अकॅडमीसारख्या अॅपवर गणित सोडवत असेल, किंवा अमेरिकेत शिकणारी मामेबहीण व्हिडिओ कॉलवर होमवर्क विचारत असेल, तर 'लाइन प्लॉट' हा शब्द कधी ना कधी कानावर येतोच. आपल्याकडे बालभारतीच्या पुस्तकांत चित्रालेख, स्तंभालेख, वारंवारता सारणी हे शब्द भेटतात, पण लाइन प्लॉट हे नाव सहसा भेटत नाही. म्हणून नाव ऐकून बरेच जण त्याला रेषालेख समजतात आणि इथेच पहिली गडबड होते.

या लेखात आपण लाइन प्लॉट काय असतो, तो कसा वाचायचा, त्यावरचे प्रश्न कुठे फसवतात आणि हीच गोष्ट फोनवर रेटिंग बघताना कशी कामाला येते ते बघू.

लाइन प्लॉट म्हणजे काय?

एक संख्यारेषा घ्या. प्रत्येक मापासाठी त्या संख्येच्या वर एक फुली मारा. तेच माप पुन्हा आलं की आधीच्या फुलीवर दुसरी फुली. झाला लाइन प्लॉट! इथे 'लाइन' म्हणजे खालची संख्यारेषा. ठिपके जोडणारी रेघ यात नसते. फुलीऐवजी ठिपका वापरला तर त्यालाच डॉट प्लॉट म्हणतात.

रेषालेख वेगळा. काळानुसार काय बदललं ते तो दाखवतो, उदाहरणार्थ फोनच्या सेटिंगमधला बॅटरीचा आलेख. लाइन प्लॉट फक्त एवढंच सांगतो की कोणतं माप किती वेळा आलं.

अमेरिकेत २०१० साली आलेल्या कॉमन कोअर अभ्यासक्रमात हा विषय दुसरीपासून आहे. दुसरीत पूर्ण एककातली लांबी, तिसरीत अर्धा आणि पाव इंच, चौथीत त्यात १/८ ची भर आणि पाचवीत अपूर्णांकांची बेरीज, वजाबाकी, वाटणी.

एक उदाहरण

दहा पेन्सिली पाव इंचापर्यंत मोजल्या असं समजा. खरा प्लॉट उभा असतो, पण फोनच्या स्क्रीनवर नीट दिसावा म्हणून आपण तो आडवा पाडलाय. आणि पाव इंचांसाठी मराठीत सव्वा, साडे, पावणे हे शब्द तयारच आहेत!

३ (तीन) : ×
३ १/४ (सव्वातीन) :
३ १/२ (साडेतीन) : × ×
३ ३/४ (पावणेचार) : × ×
४ (चार) : × × ×
४ १/४ (सव्वाचार) : ×
४ १/२ ते ६ : (सातही खुणा रिकाम्या)
६ १/४ (सव्वासहा) : ×

वाचताना या क्रमाने जा

१. शीर्षक आणि एकक बघा. इंच, सेंटीमीटर की मिनिटं?

२. एका फुलीची किंमत बघा. बहुतेक वेळा एक फुली म्हणजे एक वस्तू. पण कधी कधी कोपऱ्यात 'एक फुली = दोन मुलं' असं लिहिलेलं असतं. ते सुटलं की सगळी उत्तरं चुकतात.

३. दोन खुणांमधलं अंतर बघा. इथे ते पाव इंच आहे.

४. आता फुल्या मोजा. इथे १ + २ + २ + ३ + १ + १ = १०, म्हणजे दहाही पेन्सिली आल्या.

प्रश्न कुठे फसवतात?

- 'सर्वात लांब पेन्सिल किती?' मुलं सर्वात मोठा ढीग बघून 'चार इंच' म्हणतात. तो तर बहुलक झाला, म्हणजे सर्वात जास्त वेळा आलेलं माप. सर्वात लांब पेन्सिल सव्वासहा इंचाची आहे. ढिगाची उंची 'किती वेळा' ते सांगते, खालची खूण 'किती मोठं' ते सांगते.

- 'किती पेन्सिली मोजल्या?' फुल्या असलेल्या खुणा मोजल्या तर उत्तर ६ येतं. ती वेगवेगळ्या लांबींची संख्या आहे. पेन्सिली १०.

- 'पावणेचारपेक्षा लांब किती?' ३ + १ + १ = ५. 'पावणेचार किंवा त्याहून लांब' असं विचारलं तर मात्र ७. शब्द नीट वाचा.

- 'सर्वात लांब आणि सर्वात आखूड यांतला फरक?' ६ १/४ − ३ = ३ १/४ इंच.

- 'सगळ्या पेन्सिली सारख्या लांबीच्या केल्या तर प्रत्येक किती?' हा पाचवीचा प्रश्न, म्हणजेच सरासरी. बेरीज करा: ३ + ७ + ७ १/२ + १२ + ४ १/४ + ६ १/४ = ४०. भागिले १०, उत्तर ४ इंच. इथे ७ म्हणजे साडेतीनच्या दोन पेन्सिली. प्रत्येक खूण गुणिले तिच्या फुल्या, हे विसरायचं नाही.

रिकाम्या खुणाही बोलतात

वरच्या प्लॉटमध्ये सव्वाचार ते सव्वासहा यांच्यामध्ये काहीच नाही. म्हणजे शेवटची पेन्सिल बाकीच्यांपेक्षा वेगळीच आहे, बहुधा जवळजवळ नवी. ती बाजूला काढली तर उरलेल्या नऊंची बेरीज ३३ ३/४ आणि सरासरी पावणेचार. एका पेन्सिलीने दहा जणींची सरासरी पाव इंचाने वर नेली! मध्यक मात्र ३ ७/८ वरून पावणेचारवर येतो, म्हणजे फक्त १/८ इंचाने हलतो.

म्हणूनच रिकाम्या खुणा गाळायच्या नाहीत. एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये फक्त आलेल्या मापांची यादी देऊन स्तंभालेख काढला तर सव्वाचारच्या शेजारी लगेच सव्वासहा येऊन बसू शकतं आणि ती मोठी फट दिसतच नाही.

फोनवर याचा उपयोग काय?

प्ले स्टोअरवर अॅपच्या रेटिंगशेजारी ५ ते १ अशा पाच आडव्या पट्ट्या दिसतात. तो आपल्या आडव्या पाडलेल्या प्लॉटचा भाऊच आहे, फक्त फुल्यांच्या जागी पट्टी.

समजा दोन अॅप्सना प्रत्येकी दहा जणांनी रेटिंग दिलं. पहिल्याला दहाही जणांनी ३ दिले. दुसऱ्याला पाच जणांनी ५ आणि पाच जणांनी १. दोघांची सरासरी ३.०! पण पहिलं अॅप सगळ्यांना ठीकठाक वाटतंय, तर दुसरं अर्ध्या लोकांच्या फोनवर बहुतेक चालतच नाहीये. सरासरीचा आकडा हे सांगत नाही, पट्ट्यांचा आकार सांगतो. नुसता आकडा बघून डाउनलोड किंवा खरेदी केली तर फसायला होतं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हरचा वेग बघतानाही हेच करतो. नऊ रिक्वेस्ट ०.२ सेकंदात आणि एक ५ सेकंदांत, तर सरासरी ०.६८ सेकंद. पण ०.६८ सेकंदांचा अनुभव कुणालाच आलेला नाही! म्हणून सरासरीसोबत सगळी मापं कशी पसरली आहेत तेही बघावं लागतं.

लाइन प्लॉट कधी वापरायचा नाही?

मापं शेकड्यांनी असतील तर फुल्या मोजणं अवघड होतं, तिथे हिस्टोग्राम बरा. आणि कोणतं माप आधी आलं, कोणतं नंतर, हे लाइन प्लॉट सांगू शकत नाही. त्यासाठी रेषालेखच लागतो.

थोडक्यात: एकक बघा, फुलीची किंमत बघा, ढीग आणि खूण यांत गल्लत करू नका आणि रिकाम्या जागेकडे दुर्लक्ष करू नका. आज घरातल्या लहानग्यासोबत पट्टी घेऊन दहा पेन्सिली किंवा खडू मोजा आणि वहीत एक प्लॉट काढून बघा. दहा मिनिटांत विषय डोक्यात बसेल.