माहेरी छळ, सासरी लाड

मंडळी, आपण ‘मरणाची थंडी’ म्हणतो, ‘भयंकर आवडलं’ म्हणतो. त्या थंडीने कुणी मेलेलं नसतं आणि आवडण्यात भय तर मुळीच नसतं. पण नुसतं ‘फार’ म्हणून मन भरत नाही. मग आपण एखादा जबर शब्द उचलतो, त्याचा अर्थ बाजूला ठेवतो आणि नुसतं वजन वापरतो. इंग्रजी बोलणारेही हेच करतात. लिव्हरपूल-मँचेस्टरकडे एखादी गोष्ट फार छान असली की ती ‘डेड गुड’ असते. म्हणजे आपल्या ‘मरणाची’ची सख्खी बहीणच. बॉस्टनच्या बाजूला याच कामी ‘विकेड’ म्हणजे दुष्ट हा शब्द येतो. आणि शाळेत शिकवला जाणारा सोज्वळ ‘व्हेरी’? तोही मूळचा जुन्या फ्रेंचमधला ‘खरा’ या अर्थाचा शब्द. त्यातला खरेपणा झिजला आणि ‘फार’ तेवढं उरलं.

या गोतावळ्यात सर्वांत जास्त रामायण घडलं ते ‘ब्लडी’वरून. हिंदी सिनेमातला गोरा साहेब ‘ब्लडी फूल’ म्हणून ओरडतो, त्यामुळे आपण त्याला शिवी म्हणूनच ओळखतो. पण सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात तो ‘फार’ याच अर्थाने वावरत होता, विशेषतः दारू प्यायलेल्यांचं वर्णन करताना. ‘गलिव्हर’चा जनक जोनाथन स्विफ्ट हा तर धर्मोपदेशक. त्यानेही १७११ मध्ये एका खासगी पत्रात, आज चालताना किती उकडलं हे सांगायला बिनदिक्कत हाच शब्द वापरला. हा शब्द मेरीमातेच्या शपथेचा अपभ्रंश आहे, अशी एक लोकप्रिय कथा आहे. ती ऐकायला छान, पण पटणारी नाही. जुन्या वापरात जिथे तो येतो, तिथे शपथ बसतच नाही.

मग त्याचं बिनसलं कुठे? अर्थात काही बदल झाला नव्हता. बदलली ती बोलणारी माणसं. १७५५ च्या आपल्या कोशात डॉ. जॉन्सन यांनी त्याच्यावर ‘अगदी ग्राम्य’ असा शिक्का मारला. एकोणिसाव्या शतकात तर तो हमाल, गाडीवान आणि दारूच्या गुत्त्यांचा शब्द ठरला. वर्तमानपत्रं तो पूर्ण छापत नसत. पहिलं आणि शेवटचं अक्षर, मध्ये आडवी रेघ. १८८७ मध्ये गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची ‘रडीगोर’ ही संगीतिका आली. ‘रडी’ हा ‘ब्लडी’चा सौम्य अवतार म्हणून लोकांनी नाकं मुरडली, आणि थोड्याच दिवसांत नावातलं एक अक्षर बदलावं लागलं. उच्चार मात्र तोच राहिला!

मग आली ११ एप्रिल १९१४ ची रात्र. लंडनच्या ‘हिज मॅजेस्टीज’ नाट्यगृहात बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’चा इंग्लंडातला पहिला प्रयोग होता. हेच नाटक पु. लं. नी पुढे ‘ती फुलराणी’ म्हणून मराठीत आणलं, तेव्हा गोष्ट सांगत बसत नाही. फुलं विकणारी एलायझा उच्चारशास्त्राच्या प्राध्यापकाकडून शिकून प्रतिष्ठितांच्या बैठकीत येते. उच्चार कसे, घासूनपुसून लख्ख! आणि निघताना त्याच लख्ख उच्चारांत सहज ‘ब्लडी’ बोलून जाते. मिसेस पॅट्रिक कॅम्बेल तेव्हा एकोणपन्नास वर्षांच्या होत्या, पण त्या शब्दावर नाट्यगृह कोसळलं. हशा सव्वा मिनिट चालला असं सांगतात. प्रत्येक नाटकाला लॉर्ड चेंबरलेनच्या कार्यालयाची परवानगी लागण्याचे ते दिवस. तिथून हा शब्द सुटला होता, बिशपसाहेब मात्र खवळले. कित्येक विनोदी मंडळी ‘ब्लडी’च्या जागी ‘पिग्मॅलियन’ असंच म्हणू लागली.

मला वाटतं, शॉ यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. उच्चार शिकवता येतात, घराणं शिकवता येत नाही. तोंडातून निघालेल्या एका शब्दावरून माणसाची पायरी ठरवणारा तो समाज होता, आणि हसणाऱ्यांतले कितीतरी जण घरी हाच शब्द नोकरांच्या तोंडी ऐकत असणार.

सासरची, म्हणजे ऑस्ट्रेलियाची कथा अगदी उलटी. तिथे वसाहत उभी राहिली तीच मुळी इंग्लंडने हद्दपार केलेल्या कैद्यांवर. म्हणजे ज्यांच्या तोंडचा हा शब्द, त्यांचाच मुलूख. अलेक्झांडर मार्जोरीबँक्स नावाच्या प्रवाशाने १८४७ च्या पुस्तकात एका बैलगाडीवानाचा हिशेब दिला आहे. पाव तासात पंचवीस वेळा ‘ब्लडी’. झोपेचे आठ तास आणि गप्प राहण्याचे सहा तास वजा करून, वयाच्या विसाव्यापासून सत्तराव्या वर्षापर्यंत त्याने आकडा काढला १ कोटी ८२ लाख! शिसारी आली म्हणतो, पण मोजत मात्र चोख बसला. त्याच शतकाच्या शेवटच्या दशकात सिडनीच्या ‘बुलेटिन’ साप्ताहिकाने याला चक्क ऑस्ट्रेलियाचं विशेषण म्हटलं. तिथली माणसं तो शब्दाच्या पोटातही बसवतात: ‘ॲब्सो-ब्लडी-लूटली’. कुठे फोडायचं हे कुणी शिकवत नाही. जोर ज्या अक्षरावर पडतो, त्याच्या अगोदर. पोरांनाही ते बरोबर जमतं.

इंग्लंडातही धार बोथट होत गेली. १९३८ च्या ‘पिग्मॅलियन’ चित्रपटात शब्द कायम राहिला. पण १९५६ मध्ये त्यावरूनच ‘माय फेअर लेडी’ हे संगीत नाटक झालं, तेव्हा घोड्यांच्या शर्यतीच्या प्रसंगात प्रेक्षकांना दचकवायला दुसराच, पार्श्वभागाचा गावरान शब्द घ्यावा लागला.

तरी माहेरचा कडकपणा पुरता गेला नव्हता. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पर्यटन मंडळाने जगभर जाहिरात केली. आमचे समुद्रकिनारे तयार आहेत, तुम्ही आहात कुठे, असा तिचा लाडिक सवाल, आणि त्यात ‘ब्लडी’. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर तिला आधी मनाई झाली. तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या पर्यटनमंत्री स्वतः लंडनला जाऊन भांडल्या, आणि मनाई उठली. त्या मंडळाचे तेव्हाचे प्रमुख होते स्कॉट मॉरिसन. २०१८ मध्ये ते ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झाले.