नावेचा वेग आणि तलावाची शांतता



आमचे अयोध्या नगर भोपाळच्या पूर्वेच्या अंगाला आणि मोठा तलाव पश्चिमेला. तरीही घरी पाहुणे आले की त्यांना प्रथम तलावावर न्यावयाचे, ही येथील रीत आहे. काही वर्षांपूर्वी तेथे पोहोचताच पाण्याच्या दर्शनाआधी मोटारनौकांची घरघर कानी पडे. पुढे कायद्याने तिच्यावर बंदी आली. ती का आली आणि तिला इतका काळ का लागला, याची हकीकत आज सांगावयाची आहे.

हा तलाव म्हणजे मुळात अडवलेली नदी होय. अकराव्या शतकात परमार राजा भोज याने कोलांस नदीला बांध घातला, असे परंपरा सांगते. पुढे 1794 साली नवाब हयात महंमद खान यांचा मंत्री छोटे खान याने त्याच्या पायथ्याशी छोटा तलाव बांधला. या पाण्यावर कोळ्यांच्या होड्या फिरत आणि काठाशी शिंगाड्याचे पीक येई. नावेचा वेग नावाड्याच्या दंडातील बळापुरताच असे. वेगाला मर्यादा घालण्याचे कोणाला सुचले नाही, कारण ती निसर्गानेच घातलेली होती.

ही मर्यादा जर्मनीत मोडली. 1886 साली गॉटलीब डाइमलर याने नेकर नदीत पेट्रोलच्या यंत्रावर नाव चालवली. लोकांना पेट्रोलचे भय वाटे. म्हणून त्याने नावेभोवती तारा आणि चिनीमातीचे खुंट बसवून ती विजेवर चालते असा देखावा केला, असे सांगतात. लोक स्फोटाला भ्याले. आवाजाचा आणि लाटांचा विचार कोणाच्या मनात आला नाही. पुढे 1909 च्या सुमारास अमेरिकेत ओले एव्हिनरूड नावेच्या पाठीमागे अडकवावयाची सुटी यंत्रे विकू लागला. आता कोणतीही साधी होडी मोटारनौका होऊ शकत होती.

परिणाम मागाहून दिसले. नाव वेगाने गेली की तिच्या मागे उंच लाट उठते. आणि लाटेची उंची दुप्पट झाली की तिच्यातील शक्ती चौपट होते. व्हेनिसमध्ये अशाच लाटांनी घरांचे पाये झिजू लागले आणि तेथे वेगाला बंधने घालावी लागली. टेम्स नदीवर टेडिंग्टनच्या वरच्या भागात ताशी 8 किलोमीटरची मर्यादा आहे; म्हणजे नावेने झपझप चालणाऱ्या माणसाच्या पुढे जावयाचे नाही. आवाजाची गोष्टही अशीच. ध्वनी हवेपेक्षा पाण्यात चौपटीहून अधिक वेगाने जातो. काठावर आपल्याला जी घरघर वाटते, ती पाण्याखाली माशांच्या घरात शिरलेली असते.

आपल्या देशात 1917 साली अंतर्देशीय जलमार्गांवरील बाष्पनौकांचा कायदा झाला. त्याची दृष्टी मुख्यत्वे नौकांची तपासणी, चालकांचे परवाने आणि उतारूंची सुरक्षितता यांवर होती. त्याची जागा 2021 साली नव्या कायद्याने घेतली आणि त्यात प्रदूषणाचाही विचार आला. दरम्यान 2002 साली भोपाळच्या दोन्ही तलावांना मिळून ‘भोज पाणथळ’ म्हणून रामसर यादीत स्थान मिळाले होते. सप्टेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने येथील क्रूझ व मोटारनौका बंद करण्याचा आदेश दिला, आणि 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

येथे कोणी विचारील, लंडनने वेग आवरला, मग भोपाळने यंत्रच का बंद करावे? उत्तर साधे आहे. हे पाणी नुसते पाहावयाचे नाही. शहराचा मोठा भाग ते पितो. जुन्या धर्तीच्या टू-स्ट्रोक यंत्रात इंधनाचा सुमारे पाव भाग न जळताच बाहेर पडतो. यंत्राचा वेग कमी केला म्हणून ते तेल पाण्यात जावयाचे थांबत नाही.

मात्र न्याय दोन्ही बाजूंनी पाहावा लागतो. ज्या हातांनी कालपर्यंत मोटारनौका चालवल्या, त्यांचे पोटही याच तलावावर होते. 2025 च्या अखेरीस काश्मिरी धर्तीचे शिकारे तलावावर आणले गेले. त्यांत या हातांना आधी जागा मिळाली पाहिजे. नाहीतर तलावाच्या शांततेची किंमत एकट्या नावाड्याने मोजली असे होईल.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. शहराचे सांडपाणी हा तलावाचा मोटारीहून जुना आणि मोठा शत्रू आहे. त्यासाठीच 1995 पासून जपानच्या कर्जाने येथे मोठी योजना राबवली गेली. सांडपाणी घरघर करीत नाही, म्हणून त्याच्याविरुद्ध ओरड कमी होते. आवाज करणारा अपराधी आपण ओळखला; आता मुकाट्याने येणाऱ्याकडेही वळले पाहिजे. आणि तो अपराधी तुमच्या-आमच्या घरांतूनच निघतो.