सालदार आणि मिडफिल्डर

आमच्या शहाद्याकडे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरतं. सण तोंडावर आला की सालदार मालकाच्या ओट्यावर जाऊन बसतो. रोकड किती, दाणे किती, जोडा-घोंगडी मिळणार की नाही, आधीची उचल किती फिटली, असं सगळं बोलणं होतं. पटलं तर पुढच्या आखाजीपर्यंत तो त्या घरचा. माझे वडील जन्मभर सालदार होते. मी आश्रमशाळेत शिकलो, पुढे आश्रमशाळेतच क्रीडाशिक्षक झालो आणि आता निवृत्त आहे. म्हणूनच मे-जून महिन्यांत फुटबॉलच्या बदल्यांच्या बातम्या येऊ लागल्या की मला हमखास आखाजी आठवते. इंग्लंडात खेळाडूंचे करार साधारण जूनअखेर संपतात. संपला की खेळाडू मोकळा, नवा मालक बघायला.

मोठ्या नावांच्या बदल्या कोट्यवधींच्या असतात, त्यांचं मला काही नाही. मी मागोवा ठेवला तो कार्ल मॅकह्यू या आयरिश मिडफिल्डरचा. एफसी गोवाच्या नारिंगी जर्सीत तो दिसायचा. वसतिगृहातली मुलं मोबाइलभोवती कोंडाळं करून सामना बघत होती, तेव्हा तळोद्याकडच्या एका पोरानं विचारलं, "सर, हा गोरा गोल मारत नाही, पळवत पण नाही, मग याला पैसे कशाचे?" प्रश्न सालदाराच्या नातवाला शोभेल असा होता. याला पैसे कशाचे आणि ते ठरवतं कोण, याच्या उत्तरातच या धंद्याचा इतिहास आहे.

मॅकह्यूचं गाव लेटरमॅकावॉर्ड, परगणा डोनेगल. आयर्लंडचा नकाशा काढून बघा. डोनेगल अगदी वायव्य कोपऱ्यात आहे. त्याची बहुतेक सगळी जमिनीची हद्द ब्रिटिश अमलाखालच्या उत्तर आयर्लंडला लागते, स्वतःच्या देशाला तो लिट्रिमजवळच्या एका चिंचोळ्या पट्टीनं जोडलेला आहे. आता महाराष्ट्राचा नकाशा काढा. वायव्य कोपऱ्यात नंदुरबार, एका अंगाला गुजरात, दुसऱ्याला मध्य प्रदेश, आणि राज्याशी नातं काय ते धुळ्याच्या बाजूनं. आमचा जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला तोही धुळ्यातूनच. कोपऱ्यातल्या मुलखाला राजधानी लांब पडते आणि परका मुलूख जवळचा होतो. आमचा माणूस कामाला सुरत-बारडोलीकडे जातो, तसा डोनेगलचा माणूस स्कॉटलंडला जायचा.

ही जायची रीत जुनी आहे. १८४५ ला आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीनं आणि साथीनं मेली, तितकीच देश सोडून गेली. पश्चिम डोनेगलची जमीन खडकाळ आणि दलदलीची, त्यात घराला पुरेल असं पिकत नसे. मग पोरं-बाया टोळ्या करून बोटीनं स्कॉटलंडला बटाटे काढायला जायच्या. उन्हाळ्यात निघायचं, एका मळ्यावरून दुसऱ्या मळ्यावर सरकायचं, रात्री गोठ्यात नाहीतर कोठारात पडायचं. त्याहून लहान पोरांना स्ट्रॅबेनच्या मजूर-बाजारात उभं करत. हा बाजार मे आणि नोव्हेंबर असा वर्षातून दोनदा भरे. शेतकरी पोराचे दंड चाचपून बघे आणि सहा महिन्यांसाठी ठरवून नेई. मॅकह्यूच्या गावाशेजारच्याच ग्लेन्टीज भागातला लेखक पॅट्रिक मॅकगिल असाच कोवळ्या वयात चाकरीला गेला होता. पुढे १९१४ ला त्यानं त्या जगण्यावर 'चिल्ड्रन ऑफ द डेड एंड' ही कादंबरी लिहिली. दिवाळीनंतर ऊसतोडीपायी आमच्या आश्रमशाळांचे वर्ग कसे ओस पडतात हे ज्यानं पाहिलंय, त्याला मॅकगिलचं जग समजावून सांगावं लागणार नाही.

स्कॉटलंडात गेलेल्या या आयरिश माणसांनी ग्लासगोत स्वतःचा क्लबही काढला. ब्रदर वॉलफ्रिड या धर्मबंधूनं १८८७ ला सेल्टिकची स्थापना केली ती गरीब आयरिश मुलांच्या जेवणासाठी पैसा उभा करायला. एकशे तीस वर्षांनी डोनेगलचाच मॅकह्यू स्कॉटलंडला कामाला गेला तेव्हा नेमका याच क्लबनं त्याला दोनदा हरवलं. ते पुढे येईल.

५ फेब्रुवारी १९९३ चा त्याचा जन्म. डोनेगलात मान गेलिक फुटबॉलला, तो हातापायांनी खेळायचा वेगळाच खेळ. आमच्याकडे कबड्डी-खोखोपुढे फुटबॉलची जी गत, तीच तिथे. त्यामुळे व्यावसायिक व्हायचं तर समुद्र ओलांडणं आलं. पोरवयातच तो इंग्लंडात रेडिंगच्या अकादमीत गेला. तिथे पहिल्या संघाचं दार उघडलं नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात करार संपला आणि तो चौथ्या पायरीवरच्या ब्रॅडफर्ड सिटीकडे आला. आल्याबरोबर कमाल झाली. लीग कपात ब्रॅडफर्डनं डिसेंबरात आर्सेनलला पेनल्टीवर घरी पाठवलं आणि ८ जानेवारी २०१३ ला उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात प्रीमियर लीगच्या अ‍ॅस्टन व्हिलाला ३-१ असं हरवलं. तिसरा गोल मॅकह्यूचा, डोक्यानं. वय एकोणीस, आणि जागा तेव्हा बचावफळीतली. अंतिम सामन्यात वेम्बलीवर स्वान्सीनं ब्रॅडफर्डचा ५-० असा धुव्वा उडवला, पण चौथ्या पायरीवरचा क्लब तिथवर पोचला हेच लोकांनी लक्षात ठेवलं.

असा एक गोल पडला की आपल्याकडे पेपरवाले म्हणतात, पोराचं नशीब उघडलं. तसं काही झालं नाही. २०१४ ला तो प्लिमथ अर्गाइलला गेला, २०१६ ला स्कॉटलंडात मदरवेलला. तिथे तो हळूहळू मिडफिल्डचा गडी झाला, पुढे कर्णधारही झाला. २०१७ च्या नोव्हेंबरात लीग कपचा आणि २०१८ च्या मे महिन्यात स्कॉटिश कपचा असे दोन अंतिम सामने मदरवेल खेळला. दोन्हीकडे समोर सेल्टिक, दोन्हीकडे ०-२. आणि २०१९ ला, सव्विसाव्या वर्षी, तो कोलकात्याच्या एटीकेकडून खेळायला भारतात आला.

बापाच्या सालाशी हे सगळं ताडून बघताना मला एक फरक खटकला. वडील मालक बदलू शकत नसत. उचल फिटलेली नसे आणि न फिटलेली उचल पुढच्या सालावर चढे. आखाजी यायची, पण मोकळीक यायची नाही. मग हा आयरिश गडी दर दोन-तीन वर्षांनी खुशाल मुलूख कसा बदलतो?

तर, त्याच्या आधीचे खेळाडू मोकळे नव्हते. इंग्लंडात करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबकडेच राहायची. क्लबनं सोडलं नाही तर दुसरीकडे खेळता येत नसे. प्रसंगी पगारही बंद आणि खेळही बंद. वर मजुरीला सरकारी भावासारखी कमाल मर्यादा, १९६० पर्यंत आठवड्याला वीस पौंड, सुट्टीच्या महिन्यांत त्याहून कमी. मैदानात साठ हजार माणसं तिकीट काढून बसलेली असोत, खेळाडूला वीसच. खेळाडूंनी १९०७ ला मँचेस्टरात संघटना बांधली होती. अर्ध्या शतकानंतर, जिमी हिल अध्यक्ष असताना, तिनं संपाची नोटीस दिली आणि जानेवारी १९६१ मध्ये ती मर्यादा उठली. न्यूकॅसलनं अडवून धरलेला जॉर्ज ईस्टहॅम कोर्टात गेला. १९६३ ला न्यायालयानं ही धरून ठेवायची पद्धत अन्यायकारक ठरवली. उरलेली गाठ बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मन या खेळाडूनं सोडवली. लिएजचा करार १९९० ला संपल्यावरही क्लब त्याला सोडेना. तोही मिडफिल्डर होता. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयानं निकाल दिला की करार संपला म्हणजे खेळाडू मोकळा, क्लबला त्याच्यामागे पैसे मागता येणार नाहीत. खटल्यापायी बोस्मनची स्वतःची कारकीर्द मात्र संपली. मॅकह्यू तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता.

शहाद्याच्या माणसाला ही गोष्ट परकी वाटत नाही. १९७२ ला आमच्याकडे श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंतींसारखा भिल्ल समाजातला पुढारी तिच्यामागे होता. हातून गेलेल्या जमिनी, बड्या शेतकऱ्यांच्या पीक संरक्षणवाल्यांची दंडेली आणि सालदारांची मजुरी हे तिचे विषय. सालदार मालकासमोर खाली बसून बोलायचा, तो उभा राहून बोलू लागला. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. वडील मोर्चाला गेले की त्या दिवसाचं दळण आईला मागून आणावं लागे, म्हणून ती कुरकुरायची. पण मोर्चाला जाऊ नका असं तिनं कधी म्हटलं नाही.

पुन्हा मॅकह्यूकडे. भारतात आयरिश माणूस आणि फुटबॉल यांची गाठ जुनीच. गोव्यात हा खेळ १८८३ ला शिवोलीत फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश धर्मगुरूनं आणला असं गोव्याच्या फुटबॉलचा इतिहास सांगतो. १८९३ ला कोलकात्यात आयएफए शील्ड सुरू झाली तेव्हा पहिली ढाल रॉयल आयरिश रायफल्स या पलटणीनं नेली. त्याच ढालीसाठी २९ जुलै १९११ ला मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २-१ असं हरवलं; अकरांतले दहा अनवाणी. २०२० ला एटीके आणि मोहन बागान एक झाले आणि त्या जर्सीत मॅकह्यू खेळू लागला. पलटणीचा आयरिश जाऊन पगारी आयरिश आला, एवढाच काय तो बदल.

एटीकेकडून पहिल्याच हंगामात, १४ मार्च २०२० ला, फातोर्ड्याला त्याच्या संघानं चेन्नईयिनला ३-१ हरवून इंडियन सुपर लीग जिंकली. करोनामुळे स्टेडियम रिकामं होतं. पुढचे दोन हंगाम सगळी लीगच गोव्यात कोंडून खेळवली. १८ मार्च २०२३ ला पुन्हा फातोर्ड्यालाच बेंगळुरूला पेनल्टीवर हरवून विजेतेपद. त्याच्या महिनाभर आधी केरळ ब्लास्टर्सविरुद्धच्या २-१ विजयात दोन्ही गोल मॅकह्यूचे होते. माझ्या तळोद्याच्या पोराला मी ते मुद्दाम दाखवले. त्याच उन्हाळ्यात एफसी गोवानं त्याला घेतलं.

गोव्यात फुटबॉलला पोशिंदे मिळाले. साळगावकर, धेंपे यांच्यासारख्या खाणमालकांनी क्लब चालवले, खेळाडूंना पगार दिले. धेंप्यांच्या धेंपो क्लबनं राष्ट्रीय विजेतेपद पाचदा जिंकलं. कोल्हापुरात पेठांनी आणि तालमींनी खेळ पोसला, मुंबईत पलटणींनी रुजवलेला खेळ गिरण्यांनी आणि रेल्वेनं. नंदुरबारला काय होतं? मिरचीचा बाजार. गावाबाहेरच्या मोकळ्या जागा हिवाळ्यात मिरचीच्या पथारींनी लाल होतात, तिथे बॉल नेला तर ठसक्यानं जीव जातो. आमच्याकडे हा खेळ आला तो फक्त शाळेच्या दारातून. सुब्रतो चषकाच्या तालुका-जिल्हा फेऱ्या, आणि १५ सप्टेंबर २०१७ ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकानिमित्त राज्यभर शाळाशाळांत फुटबॉल खेळवला तो दिवस. त्या वेळी बॉल मिळाले. मुरमाड मैदान आणि कडेच्या बाभळी यांनी त्यांचा निकाल लावायला वेळ घेतला नाही. शिवण उसवायची, ब्लॅडर बाहेर काढायचं, सायकलवाल्याकडून सोल्युशन आणि रबराचा तुकडा आणायचा, घासून चिकटवायचं, परत कोंबून सुतळीनं शिवायचं. शिवलेल्या जागेवर डोकं मारलं की कपाळावर वळ उठतो.

त्या पोराला मी त्याच्या प्रश्नाचं उत्तर मैदानात दिलं. म्हटलं, बॉलकडे बघू नको, त्या गोऱ्याच्या मानेकडे बघ. पास यायच्या आधी दोनदा मागे वळून बघतो. समोरचा पळत सुटला की तो बॉलमागे जात नाही, ज्या वाटेनं पास जाणार त्या वाटेत जाऊन उभा राहतो. बॉल हिसकावला की एका टोल्यात जवळच्याला देतो आणि परत आपल्या जागी येतो. दीड तास हेच. पैसे याचे.

पण ते पैसे ठरतात कसे, तेही मी मुलांना सांगतो. सुब्रतोचा फॉर्म शिक्षकानं भरून अंगठ्यासारखी सही घ्यायची, ही पद्धत मी माझ्या शाळेत बंद केली होती. ज्याचं नाव त्यानं वाचायचं, त्यानंच भरायचं. बटाटे काढणाऱ्यांच्या डोनेगलचा गडी आणि आमच्या ऊसतोड्यांचा पोरगा, दोघांचे पाय सारखेच राबतात. एकाच्या हातात करार आहे आणि त्याच्यामागे १९०७ पासूनचं भांडण आहे. बारडोलीकडे निघालेल्या आमच्या कोयत्याच्या हातात बहुतेक वेळा मुकादमाची उचल असते, कागद नसतो. तो कागद मागून मिळत नाही, संघटना बांधून घ्यावा लागतो, हे मँचेस्टरनं दाखवलं आणि शहाद्यानंही. शहाद्याचा धडा मात्र पाठ्यपुस्तकात नसल्यानं क्रीडाशिक्षकाला शिकवावा लागतो.